नगरगृहाच्या घंटा: चार शतकांचा मागोवा

युरोपच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या सखल मुलखात, म्हणजे आजच्या बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत, मध्ययुगाच्या उत्तरार्धात जी व्यापारी नगरे कापडाच्या उद्यमावर आणि जकातीच्या उत्पन्नावर भरभराटीस आली, त्यांनी आपापल्या सरंजामदारांकडून सनदा मिळवून जे हक्क पदरात पाडून घेतले, त्यांत नगराची स्वतःची घंटा बाळगण्याचा हक्क हा वरवर पाहता क्षुल्लक, परंतु वस्तुतः मोठ्या जिव्हाळ्याचा होता. वेशीचे दरवाजे उघडणे व मिटणे, विणकरांचे काम सुरू होणे व सुटणे, आग लागल्याची किंवा शत्रू आल्याची वर्दी, पंचांचा निवाडा जाहीर होणे, हे सारे या घंटेच्या स्वाधीन असे. चर्चची घंटा धर्माची, ही नगराची. आणि दोहोंचा खर्च कोणी सोसावयाचा याविषयी कज्जेही होत.

चौदाव्या शतकात मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळे बसू लागली, तेव्हा तासाचे ठोके मोजण्यास लोकांनी सावध असावे म्हणून त्यापूर्वी तीनचार लहान घंटांचा एक अल्पसा आलाप वाजविण्याची युक्ती निघाली. खुंट्या बसविलेला एक भला थोरला पिंप घड्याळाच्या वजनाने फिरे आणि त्या खुंट्या तारांना ओढून हातोडे उचलत. यंत्राची ही पुनरुक्ती माणसाला किती दिवस पुरणार? 1510 च्या सुमारास औडेनार्डे येथील नगरगृहासाठी हाताने वाजविण्याची लाकडी दांड्यांची पट्टी बसविल्याची नोंद आढळते. आणि तेथून पुढे या घंटांना वादक लाभला. मनोऱ्याच्या माथ्याजवळील कोठडीत बसून तो मुठींनी दांड्या खाली दाबतो, जड घंटांसाठी पाय चालवितो, आणि तारांच्या योगे प्रत्येक घंटेचा लोळा आत आपटतो. घंटा स्वतः मात्र झुलत नाही, तसूभरही हलत नाही. वादक कोणाला दिसत नाही आणि श्रोते त्याला दिसत नाहीत, अशी ही मैफल. आजच्या प्रघाताप्रमाणे निदान तेवीस घंटा असल्याखेरीज या वाद्यास कॅरिलॉन म्हणत नाहीत.

परंतु घंटांची संख्या वाढली तसे एक जुने वैगुण्य उघडे पडले. घंटा एकच स्वर कधी बोलत नाही. एकाच आघाताने तिच्यातून मुख्य स्वर, त्याखालचा षड्ज, त्यावरचा कोमल गांधार, पंचम आणि तार षड्ज असे अनेक ध्वनी एकदम उठतात. हे एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन घंटा जवळजवळ वाजविताच कान किटतात. (या अंगभूत कोमल गांधारामुळेच उत्सवाच्या गतीतही त्या वाद्याला किंचित विषादाची छटा राहते, हे आपल्याकडील जाणत्या कानाला चटकन उमगावे.) या कूटाची उकल केली ती उट्रेख्ट नगरीच्या याकोब फान आयक या अंध घंटावादकाने. जवळ उभे राहून शीळ घालावी आणि घंटेने आपला एकेक अंतःस्वर आपणहून उच्चारावा, असे करून दाखविण्याची त्याची हातोटी होती, आणि घंटेची आकृती व तिचे ध्वनी यांचा संबंध त्याने अशा रीतीने ताडला. लॉरेन प्रांतातून आलेल्या फ्रान्स्वा व पीटर हेमोनी या ओतारी बंधूंना त्याचा सल्ला मिळाला; त्यांनी घंटा ओतून झाल्यावर आतील अंगाने नेमक्या ठिकाणी कासे कातून सारे अंतःस्वर सुरात आणले, आणि 1644 पासून झुटफेन येथे घडविलेल्या घंटासमूहात पृथ्वीवर प्रथमच सुरेल कॅरिलॉन ऐकू आले. ज्ञान एका अंध वादकाचे, हात दोन फिरस्त्या कारागिरांचे आणि खजिना नगराचा: या तिहींचा असा योग पुन्हा क्वचितच जुळला असेल.

अॅम्स्टरडॅमच्या कारभाऱ्यांनी हे लगोलग हेरले. धरणावरील मैदानात, दलदलीत ठोकलेल्या 13,659 लाकडी खुंटांवर, याकोब फान काम्पेनच्या आराखड्यानुसार त्यांचे अजस्र नगरगृह उभे राहत होते, त्याच सुमारास त्यांनी थोरल्या हेमोनीला ओतशाळेची जागा देऊन आपल्या नगरात आणले, आणि 1664 मध्ये या नगरगृहासाठी त्याच्याच हातच्या घंटा ओतल्या गेल्या. नगरे मात्र हिशेबी होती. घंटा एक सप्तक खाली उतरवायची तर तिचे वजन आठपट वाढते, तेव्हा मंद्र सप्तकातील पहिले दोन विकृत स्वर नसले तरी चालेल, असे सुचविणे सोयीचे होते. वादकांनी हरकत घेतली तेव्हा धाकट्या हेमोनीने 1678 मध्ये या दोन घंटांची आवश्यकता नाही असे प्रतिपादणारी पुस्तिकाच छापून काढली. काटकसरीला शास्त्राची जोड देणारे इतके प्रामाणिक लिखाण मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

1680 मध्ये धाकटा हेमोनी निवर्तला आणि कातण्याची ती विद्या पुढच्या पिढ्यांत क्षीण होत जवळजवळ लोपली. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर फ्रेंच फौजा आल्या, कित्येक घंटा तोफांच्या ओतकामास गेल्या. 1808 मध्ये लुई बोनापार्टने अॅम्स्टरडॅमचे नगरगृहच आपला राजवाडा केला. या उताराच्या काळात घंटा घडत, पण सूर जुळत नसत, आणि पुष्कळ ठिकाणी वादकाची जागा पुन्हा पिंपाने घेतली. आपल्या मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून व जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याने 1878 मध्ये पुरा झालेला राजाबाई मनोरा याच यंत्रयुगातला. त्यातील सोळा घंटा ठरीव इंग्रजी चाली वाजवीत, म्हणजे शास्त्रीय अर्थाने तो कॅरिलॉनच्या अलीकडेच राहिला.

लोपलेली विद्या परतली ती इंग्लंडच्या वाटेने. सिम्सन नावाच्या एका पाद्र्याने घंटांचे अंतःस्वर बारकाईने तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि लफबरोच्या टेलर ओतशाळेने 1896 पासून ते अमलात आणले. तिकडे मेखेलेन येथे येफ डेनाइनने 1892 पासून उन्हाळी सायंकाळचे वादन इतके लोकप्रिय केले की 1922 मध्ये तेथे घंटावादनाची स्वतंत्र शाळाच निघाली. 1921 मध्ये रॉटरडॅमच्या नव्या नगरगृहात टेलरच्या एकोणपन्नास घंटा चढल्या. हेमोनींच्या देशाने सुरेल घंटा परदेशातून मागवाव्या, यातली नामुष्की तेथील ओताऱ्यांना झोंबली असल्यास नवल नाही. 14 मे 1940 च्या जर्मन बॉम्बवर्षावात नगराचा मध्यभाग बेचिराख झाला, ते नगरगृह मात्र टिकले. पुढे देशभरातील हजारो घंटा युद्धसामग्रीसाठी उतरवून नेल्या गेल्या. युद्धानंतर डच ओतशाळांनी आपली उणीव भरून काढली, आणि आज तेथील अनेक नगरपालिका घंटावादकास वेतन देऊन पदरी ठेवतात. बाजाराच्या दिवशी तो मनोरा चढतो, आणि अधूनमधून पिंपावरील खुंट्या उपटून नव्या चालीसाठी पुन्हा ठोकतो.