मोठा, पण न फाटणारा आवाज

मनीषनगरच्या एखाद्या फ्लॅट स्कीममध्ये गिटार शिकणाऱ्या पोराला दहा वॅटचा अँप पुरून उरतो. तोच अँप गणपतीच्या मंडपात ड्रमसेटशेजारी ठेवला, की व्हॉल्यूमचं बटण शेवटपर्यंत पिळावं लागतं आणि सूर फाटतो. तार जोरात छेडली की क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट ताकद लागते. ती शिल्लक नसली की लहरीचं टोक कापलं जातं. रॉकवाल्यांना नेमकं हेच फाटणं हवं असतं, ते सोडा.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून स्पीकरही बघा. 97 ऐवजी 100 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर वॅट दुप्पट केल्याइतकाच फायदा.

स्वच्छ आवाज म्हटलं की दोन नावं हमखास निघतात: फेंडरचा 85 वॅटचा, व्हॉल्व्हवाला ट्विन रिव्हर्ब आणि रोलँडचा 1975 साली आलेला, ट्रान्झिस्टरवाला जेसी-120. दोन्हींत 12 इंची दोन स्पीकर आणि वजन तीस किलोच्या घरात. लिफ्ट बंद पडली की कळतं! व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. म्हणून माझा कौल ट्रान्झिस्टरला.

मंडपात साउंडवाला असेल, तर एवढा खर्चही नको. छोटा अँप अर्ध्यावर ठेवा आणि त्याच्यासमोर माईक लावायला सांगा.