मधुमेही पाऊल आणि आघात-तरंग

‘शॉक’ हा शब्द कानी पडला की आपल्याकडे डोळ्यांपुढे विजेची तार उभी राहते. म्हणून आधीच सांगितलेले बरे की, मधुमेही पायाच्या जखमेवर हल्ली जे शॉक वेव्हचे उपचार होतात, त्यांत रुग्णाला विजेचा धक्का मुळीच देत नाहीत. ती दाबाची लाट असते. खाणीत सुरुंग उडाला म्हणजे दूरच्या घराची तावदाने थरथरतात, तसलाच हा प्रकार, फार लहान प्रमाणावर.

१९८० साली म्युनिक येथे अशाच लाटांनी रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा प्रथम फोडण्यात आला. जखमेवर वापरतात ती लाट त्याहून पुष्कळ सौम्य. तिच्या ताणाने पेशी नव्या केशवाहिन्यांस चालना देणारी द्रव्ये सोडतात, असे प्रयोगांत आढळले आहे. अमेरिकेतील औषध-नियामक खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये असे एक यंत्र मधुमेही पायाच्या जखमांसाठी मान्य केले. एकूण ३३६ रुग्णांवरील दोन चाचण्यांत, २४ आठवड्यांनी, लाटा दिलेल्यांपैकी शेकडा ४४ जणांच्या जखमा भरल्या. ज्यांना यंत्र नुसते लावल्यासारखे केले त्यांच्यापैकी शेकडा ३० जणांच्या. फरक आहे, पण चमत्कार नव्हे. आणि नेहमीची मलमपट्टी दोन्हीकडे चालूच होती.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. मांडीतील किंवा पोटरीतील चोंदलेली धमनी या लाटेने मोकळी होत नाही. मोठा कालवा गाळाने बुजला असता शेतातले पाट साफ करीत बसावे, तसे ते होईल. धमनी पाहायची तर घोट्याचा रक्तदाब मोजून त्यास दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर पायाला रक्त कमी पोचते असे समजावे. पुष्कळ मधुमेह्यांच्या धमन्या चुना साठून कडक होतात व हा आकडा फसवा, जास्त येतो. तेव्हा अंगठ्यातील दाब पाहावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ही तपासणी न करताच लाटांच्या बैठका घेतल्या. दोन महिन्यांनी काळे पडलेले बोट कापावे लागले. पैसे पुन्हा मिळवता आले असते.

निपाणीच्या तंबाखूवर आपल्या मुलखातील कितीतरी चुली पेटल्या, हे मी नाकारीत नाही. पण विडीचा धूर पायाच्या धमन्या अरुंद करतो, आणि तेथे यंत्राचा इलाज चालत नाही.

दुसरा शत्रू बधिरपणा. वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बधिर पाय आपोआप सडत नाही. न दुखणाऱ्या इजांनी तो झिजतो. नव्या कोल्हापुरीचा अंगठा घासतो, मे महिन्यात देवळाची किंवा मशिदीची फरशी भाजते, आणि माणसाला पत्ता नसतो. वुजू करणारा दिवसातून अनेकदा पाय धुतो, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवतो. त्याच वेळी तळव्याकडे नजर टाकावी व बेचके कोरडे करावेत, एवढेच अधिक.

ट्रस्टने असे यंत्र घ्यावे, अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. माझे मत निराळे आहे. आधी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा घ्यावा. तो तळव्याला टेकवलेला ज्याला कळत नाही, त्याला मऊ रबरी तळाच्या चपला द्याव्यात, आणि ज्याची जखम भरत नाही, त्याला धमनीच्या तपासणीसाठी काकतीहून बेळगावला जाण्याचे गाडीभाडे.