अश्वारोहणाचा पहिला धडा

वडीगोद्रीसारख्या गांवीं बसून आम्ही पाश्चात्य अश्वारोहणाविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु येथून फार दूर नसलेल्या मुंगी-शेवगांवास मार्च १७२८ मध्यें निजामानें पहिल्या बाजीराव पेशव्यांशीं तह केला. आणि आदल्याच महिन्यांत वैजापूरजवळ पालखेड येथें त्याचें दाणापाणी तोडून त्यास कोंडलें होतें तें वेगवान मराठी घोडदळानें. त्याच गोदातीरावरील मुलांस आज घोडा बहुधा वरातींतच दिसतो.

मुंबई-पुण्याकडे मात्र सुशिक्षित घरांतील मुलें शिक्षकाकडे जाऊन घोड्यावर बसण्यास शिकतात. महालक्ष्मी येथील अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ सालचा आहे. हा श्रीमंतांचा थाट, असें पुष्कळ वडील मंडळी म्हणतात. खर्च मोठा, हें खरें. पण खर्च करावयाचाच तर त्यांतून मुलास काय मिळावें, हें आधीं जाणून घ्यावें.

पाश्चात्यांत प्रमुख पद्धति दोन. इंग्रजी पद्धतींत खोगीर हलकें असून लगाम दोन्ही हातांत असतो. अमेरिकेतील गुराख्यांच्या, म्हणजे वेस्टर्न, पद्धतींत खोगीर जड व खोल असतें. फांसाचा दोर गुंडाळण्यास त्याच्या पुढें शिंगासारखा खुंट असतो. लगाम एकाच हातांत सैल धरितात, आणि तो मानेस टेकतांच घोडा वळतो. या रीतीचें मूळ स्पॅनिश लोकांनीं मेक्सिकोंत नेलेल्या अश्वविद्येंत आहे. भाला चालविणाऱ्या आमच्या बारगीर-शिलेदारांसही एक हात मोकळा लागेच. तेव्हां ही विद्या सर्वस्वीं परकी मानूं नये.

इंग्रजी पद्धतीच्या ऑलिंपिक शाखा तीन: रिंगणांत घोड्याच्या चाली दाखविणें तें ड्रेसाज, अडथळ्यांवरून उडी, आणि या दोहोंस रानमाळावरील दौडीची जोड देणारें इव्हेंटिंग. अमरकोशांत धौरितक, वल्गित, प्लुत इत्यादि पांच अश्वगति सांगितल्या आहेत. तो ज्यांनीं पाठ केला त्यांस ड्रेसाजची गोडी सहज लागेल. वेस्टर्न पद्धतींत रेनिंग ही शाखा प्रसिद्ध आहे. तींत वेगानें वर्तुळें घेऊन, जागच्या जागीं गिरक्या मारून घोडा घसरत थांबवितात.

या खेळांत स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेंत उतरतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून ड्रेसाज स्त्रियांस खुलें झालें. पोलिओमुळें गुडघ्यांखालीं पाय निर्बळ झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल बाईंनीं त्याच वर्षीं रौप्यपदक मिळविलें. सप्टेंबर २०२३ मध्यें हांगझौ येथील आशियाई खेळांत भारतास ड्रेसाजचें सांघिक सुवर्णपदक मिळालें. त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा होते, तशाच सुदीप्ति हजेला व दिव्यकृति सिंह या दोन तरुणीही होत्या. घोडा केवळ बाहुबलानें चालत नाहीं, याला आणखी पुरावा कशास हवा?

तो चालतो स्वाराच्या बैठकीनें. म्हणून चांगला शिक्षक आरंभीं मुलाच्या हातीं लगाम देत नाहीं. तो घोड्यास लांब दोरीवर वर्तुळांत फिरवितो. मुलानें फक्त तोल सांभाळावयाचा. कान, खांदा, कंबर व टांच एका सरळ रेषेंत यावीं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्यें नवशिके कित्येक महिने रिकिबीवांचून असेच बसतात. याचें कारण साधें आहे: तोल जातांच मनुष्य हातीं असेल तें ओढतो, आणि लगामाच्या दुसऱ्या टोकास मुक्या जनावराचें तोंड असतें. आपल्या भीतीचा भार दुसऱ्यावर न टाकणें, हा या विद्येचा पहिला धडा होय. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस त्याची किंमत सांगावयास नको.

म्हणून पालकांनीं मुलास नेण्यापूर्वीं शिक्षकास एवढेंच विचारावें कीं, पहिल्या महिन्यांत काय शिकविणार? जो आठ दिवसांत उडी मारावयास शिकवितों म्हणेल, त्याच्याकडून मूल परत आणावें. जो बैठक, शिरस्त्राण, टांचेचा बूट आणि घोड्याचा खरारा यांपासून आरंभ करील, त्याच्याकडे खुशाल पाठवावें. आणि भावाबरोबर बहिणीसही पाठवावें.