‘समाजस्वास्थ्य’ आणि दहावीचा धडा

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत नेटाने चालवले. संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण त्या मासिकाचा जीव वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, तसे समलिंगी संबंधांविषयीही. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

मला या खटल्यात दंडापेक्षा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘ही सगळी हल्लीची, मोबाइलमधून आलेली थेरं’ असे आमच्या कळमनुरीत सर्रास ऐकू येते. मग नव्वद वर्षांपूर्वी तो प्रश्न विचारणारे कोण होते?

आज दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. त्यात इंद्रिये आहेत, संप्रेरके आहेत. पण आपल्याला मुलगे आवडतात हे उमगलेला मुलगा नाही, किंवा पाळी आली की स्वतःच्याच शरीरात परके वाटणारे, मनाने मुलगा असलेले मूल नाही. वर्गात अशा मुलाला ‘बायल्या’ हा एकच शब्द मिळतो. त्याच्यासारखे कोणी दिसलेच, तर आठवडी बाजारात टाळी वाजवणारे. आपले भविष्य तेवढेच, असे तो समजून बसतो. त्याची शाळा सुटते ती इथून.

तीन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या तरी बरेच साधते. जन्मतः दिसणारे शारीरिक लिंग, स्वतःला आतून वाटणारा लिंगभाव आणि कोणाविषयी ओढ वाटते तो लैंगिक कल. तृतीयपंथी असणे आणि समलिंगी असणे एक नव्हे. दोन्ही आजार नाहीत.

कायदा पुढे गेला आहे. २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मानला. २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण देणे सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थांवर बंधनकारक केले. शाळा मात्र मागे राहिली. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले. २०२१ मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांसाठी शिक्षकांची पुस्तिका काढली, आणि आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून उतरवली.

‘शिकवले तर मुले बिघडतील,’ ही भीती प्रामाणिक असते. पण युनेस्कोने २०१८ मध्ये मांडलेला अभ्यासांचा निष्कर्ष उलटा आहे: अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक वर्तन वाढत नाही. शिवाय संमती म्हणजे काय, नको असलेला स्पर्श कसा नाकारायचा, हे मुलग्यांनाही कळायला हवे. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घरी मात्र मुलग्यावरील अत्याचाराविषयी कोणी बोलत नाही.

वेगळा तास, वेगळे पुस्तक लागणार नाही. पाळीच्या तासाला मुलग्यांना बाहेर काढू नये. आकर्षणाविषयी बोलताना ‘काहींना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयीही वाटते’ हे एक वाक्य जोडावे. ‘बायल्या’ म्हटले की शिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवावे. आणि वर्गात एक कुलूपबंद पेटी ठेवावी, नाव न लिहिता प्रश्न टाकण्यासाठी.

कर्व्यांनी दुसरे काय केले होते? टपालाने आलेला प्रश्न वाचला, हसले नाहीत आणि उत्तर छापले. आज आमच्या शाळेतल्या मास्तरांना त्यासाठी दंड होणार नाही.