सकाळचे बारा ते रात्रीचे दोन

सकाळचे बारा

मोरोगोरोत सूर्य उगवतो तेव्हा बारा वाजतात. माझ्या मनगटावर सहा. पण स्वाहिली बोलणारा माणूस तास मोजतो ते उजाडल्यापासून, आपलं पंचांग घटका मोजतं तसे. टांझानिया विषुववृत्ताला इतका लागून आहे की वर्षभर सूर्य सहाच्या आगेमागेच उगवतो, त्यामुळे त्यांचा हिशेब कधी फारसा चुकत नाही. चुकलो मी. पहिल्याच आठवड्यात ‘सा म्बिली’ची, म्हणजे दोनची बस पकडायला दुपारी दोनला हजर झालो. ती सकाळी आठलाच गेलेली. तेव्हापासून सहा तास मिळवूनच वेळ ऐकतो.

आज इरिंगा गाठायचं. 300 किलोमीटरच्या वर, आणि जमलं तर बसचं तिकीट न काढता.

एक

रस्त्याकडेला जेवण-नाश्ता विकणाऱ्या बाईला इथे ‘मामा न्तिलिये’ म्हणतात. तिच्या चुलीवरच्या खड्ड्याखड्ड्यांच्या तव्यात ‘वितुंबुआ’ फुगत होते: तांदूळ, नारळाचं दूध, वेलची. कोकणातल्या कुणालाही हे गोड आप्पे वाटतील. सोबत ‘चाय या रांगी’, रंगाचा चहा, म्हणजे बिनदुधाचा. चाय आपला, रंगही आपलाच. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा. निम्म्या गरजा मी या उसन्या शब्दांवर भागवतो.

म्साम्वूच्या बसतळापर्यंत रिक्षा. तिचं नाव ‘बजाजी’. रिक्षा टीव्हीएसची असली तरी ती बजाजीच. आकुर्डीच्या कंपनीचं नाव इथल्या भाषेत सामान्यनाम होऊन बसलंय.

दोन

शहरात लिफ्ट मागण्यात अर्थ नसतो. म्हणून डालाडाला, म्हणजे खच्चून भरलेली मिनीबस, धरून म्झुंबेच्या विद्यापीठापर्यंत आलो. इथून दक्षिणेला जाणारी प्रत्येक गाडी इरिंग्याच्या दिशेचीच असते. अंगठा दाखवायचा नाही. त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. हात बाजूला धरून तळवा जमिनीकडे करायचा आणि हलवायचा, अंगणातल्या कोंबडीला बसवावं तसा.

दोन तास हात हलवला. गाड्या वेग कमी करत, आतली माणसं माझ्याकडे बघत, आणि पुढे जात. गोरा माणूस पाठीवर पिशवी टाकून उभा असला तर त्याचा छंद म्हणून सोडून देतात. मी ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय. म्हिंदी म्हणजे दुकान, म्हिंदी म्हणजे मालक. तो रस्त्यावर उभा असेल तर त्याची गारी बिघडली असणार आणि दुसरी येतच असणार. एक सायकलवाला थांबून खरंच म्हणाला, “पोले,” म्हणजे ‘अरेरे’, आणि विचारलं, “गारी कुठे आहे?” नाही म्हटल्यावर तो हसला. आपलं काही चुकलंय असं मला उगाच वाटत राहिलं.

चार

शेवटी थांबला तो लांबलचक मालट्रक, थेट काँगोतल्या लुबुंबाशीला निघालेला. जाताना सिमेंटपासून डिझेलपर्यंत काहीही नेतात आणि येताना बहुतेक तांबं आणतात. या महामार्गाचा सारा जीव त्यावर आहे.

ड्रायव्हर साठीचा होता. “शिकामू,” मी म्हणालो. वडीलधाऱ्यांना हाच नमस्कार. ‘पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. “मराहाबा,” तो म्हणाला, आणि लगेच भाव सांगितला: 15,000 शिलिंग. रुपयाला साधारण तीस शिलिंग धरा. फुकट लिफ्ट ही युरोपातली कल्पना. इथे ट्रकची सीट म्हणजे स्वस्त बसची सीट, आणि ते वरचे पैसे ड्रायव्हरच्या घरी जातात. त्यात लबाडी कसली? आधी भाव ठरवला नाही तर उतरताना भांडण होतं, हे मी पैसे मोजून शिकलोय. 10,000 वर ठरलं.

केबिनमध्ये ‘उतिंगो’, म्हणजे आपल्या ट्रकवाल्यांचा किन्नर, आणि मांडीवर लाकडी पेटी घेतलेला एक माणूस. पेटीवर हात मारून तो म्हणाला, “फुंडी सेरेमाला.” सुतार. मी पेटी उघडायला सांगितली. एकेक हत्यार तो वर काढत गेला आणि नाव सांगत गेला. “रांडा.” रंधा! “पाटासी.” पटाशी! माझे वडील चिपळूणला सुतारकाम करायचे. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून जितक्यांदा ऐकलेत तितक्यांदा माझं नावही ऐकलं नसेल. कुठल्या तरी गलबतातून कुणी कच्छी-गुजराती सुतार हे शब्द घेऊन आला असावा. मी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगितलं, माझे बाबा सेरेमाला. फुंडीने ते भाषांतर करून ड्रायव्हरला सांगितलं, म्हणजे माझ्या स्वाहिलीचंच स्वाहिलीत. ड्रायव्हरने मान हलवली. “म्हिंदी सुतार नसतो,” तो म्हणाला.

सहा

मिकुमी. 1964 पासूनचं हे राष्ट्रीय उद्यान, आणि महामार्ग त्याच्या पोटातून सुमारे 50 किलोमीटर जातो. आत सफारीला शिरायचं तर परदेशी माणसाला तीसेक डॉलर प्रवेश, वर कर, वर जीपचं भाडं. रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच नाही. प्राणी मारल्यास दंड किती, प्रत्येक जातीचा वेगळा, याचं दरपत्रक फलकावर. ट्रकची केबिन जीपपेक्षा उंच असते. झेब्रे, जिराफ, झाडाखाली पाच हत्ती. उतिंगो झोपला होता.

पांढऱ्या गणवेशातला पोलीस लांबून दिसला की मला सीटमागच्या बिछान्यावर ढकलून पडदा ओढायचे. ट्रकमालकाचा उतारू घेऊ नका असा नियम आहे, आणि म्हिंदी काही लपत नाही.

आठ

रुआहा म्बुयुनी. ‘म्बुयू’ म्हणजे गोरखचिंच, आणि गावाच्या नावातच ती आहे. आपल्याकडे एखाददुसरं असलं झाड असलं तर त्याखाली नाथांची कथा असते. इथे अख्खी दरी भरून ती झाडं, आणि खाली कांद्याची पोती. जेवायला ‘उगाली’, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि ‘माहारागे’, म्हणजे घेवड्याची उसळ. ड्रायव्हरने माझे पैसे दिले. मी त्याचे द्यायला हवे होते.

दहा

कितोंगाचा घाट. वळणामागून वळण, ट्रक चालत्या माणसाच्या वेगाने. उतिंगो खाली उतरून दगड हातात घेऊन चाकाशेजारून चालत होता. फुंडी मध्येच उतरून दोन वळणं पुढे जाऊन थांबला, पेटीसकट.

रात्रीचा एक

अंधारात ड्रायव्हरने डावीकडे बोट दाखवलं: लुगालो. 1891 मध्ये हेहे लोकांचा सरदार म्क्वावा याने जर्मन तुकडी इथे कापून काढली. पुढे तो वेढला गेला, त्याने 1898 मध्ये स्वतःवर गोळी झाडली. जर्मनांनी नेलेली त्याची कवटी परत यायला 1954 उजाडलं. ड्रायव्हरने हे सांगितलं ते घरातल्या चुलत्याबद्दल सांगावं तसं.

दोन

इपोगोलोला उतरून बजाजीने वर गावात. इरिंगा उंचावर आहे, थंडी वाजत होती. ‘गेस्टी’त खोली 15,000. मॅनेजरने पोलिसांसाठीची वही काढली. नाव मला विचारलं. जमात हा रकाना न विचारताच भरला: म्हिंदी. धंद्याचाही: ‘बियाशारा’, व्यापार.

खोडून सेरेमाला लिहावं असं एकदा वाटलं. पण रंधा मला धड चालवता येत नाही.