फ्लॉइड रोझ बदलण्याआधी

‘सूर राहत नाही? ब्रिज बदलून टाक.’ कमी किमतीची, लॉकिंग ट्रेमोलो असलेली इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या मुलामुलींना हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चांगल्या ब्रिजला मूळ गिटारच्या किमतीचा मोठा हिस्सा मोजावा लागतो, आणि तो बसवूनही सूर उतरतच राहिला तर घरच्यांसमोर पुन्हा गिटारचं नाव काढायची सोय राहत नाही. म्हणून पैसे देण्याआधी काही समज तपासून घेऊ. कोल्हापूरकराला हे अवघड जाऊ नये, कारण प्रश्न संगीताचा कमी आणि धातूचा जास्त आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या. अमेरिकेतल्या फ्लॉइड रोझ यांना या रचनेचं पेटंट १९७९ मध्ये मिळालं. तारा दोन्ही टोकांना, म्हणजे नटवर आणि ब्रिजवर, आवळून टाकायच्या. ब्रिज मात्र पुढच्या दोन धारदार कडांवर, गिटारच्या अंगात बसवलेल्या दोन स्टडना टेकून डोलतो. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने, ब्रिजखालच्या ब्लॉकला अडकवलेल्या, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा. ब्रिजला जोडलेला दांडा, म्हणजे बार, दाबून सोडला की ब्रिज नेमका मूळ जागी परतला पाहिजे. गुजरीतल्या सराफाचा जुना तराजू ज्या धारेवर तोलला जायचा, तशीच ही धार. ती बोथट झाली की काटा मध्यावर येत नाही. गिटारवाले तिला नाईफ एज म्हणतात, आणि ब्रिजचा दर्जा ठरतो तो सगळ्यात आधी तिथे.

‘माझ्या ब्रिजवर लायसन्स्ड लिहिलंय, म्हणजे तो ओरिजिनलच.’ तसं नाही. लायसन्स्डचा अर्थ एवढाच की ती रचना परवानगीने वापरली आहे. धातू कोणता, कडा कडक केल्या आहेत की नाही, हे बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. स्वस्त ब्रिजमध्ये बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असतात. हा मिश्रधातू साधारण ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतो, साच्यात सुरेख भरतो, त्यावर मुलामाही छान चढतो. म्हणून दिसायला दोन्ही ब्रिज सारखेच. पण पोलादासारखं हार्डनिंग त्याला करता येत नाही. कडाच जस्ताच्या असतील, तर त्या स्टडवर घासून गोल होणारच. फ्लॉइड रोझच्या स्वतःच्या ‘स्पेशल’ या स्वस्त मॉडेलमध्येही तारा धरणारे सॅडल आणि ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचेच आहेत. नावावर जाऊ नका, धातू विचारा.

तरीही सूर उतरला म्हणजे ब्रिज गेला, असं धरून चालणं हीच सगळ्यात महागडी चूक आहे. तपासणी घरी करता येते. नव्या तारा चढवा, त्या हाताने नीट ताणून घ्या, नट आवळा, ट्यूनर लावा. बार खाली दाबून सोडा आणि सूर पाहा. मग बार वर ओढून सोडा आणि पुन्हा पाहा. दाबल्यावर सूर किंचित खाली आणि ओढल्यावर किंचित वर राहत असेल, तर कडा आणि स्टड यांच्यात घर्षण आहे. ब्रिजवर संशय घ्यायला जागा आहे. सूर दर वेळी खालीच जात असेल, तर तार अजून ताणली जाते आहे किंवा लॉकमधून सरकते आहे. त्यावर ब्रिज बदलणं हा इलाज नाही. आणि बार हलवताना स्टडच डुलताना दिसला, तर दोष लाकडात आहे. स्वस्त गिटारच्या मऊ लाकडात स्टडचं भोक सैल होतं. ते कठीण लाकडाच्या खुंटीने बुजवून नव्याने पाडावं लागतं. त्याशिवाय कितीही महागडा ब्रिज टिकणार नाही.

तारांचा नंबर बदलला असेल तर तेही लक्षात घ्या. नेहमीच्या सुरात ९-४२ चा संच एकूण साधारण ३८ किलोने ओढतो, १०-४६ चा साधारण ४६-४७ किलोने. आठेक किलोंचा हा फरक स्प्रिंगांनी पेलायचा असतो. मागचे स्क्रू आवळून किंवा एक स्प्रिंग वाढवून ब्रिज पुन्हा गिटारच्या अंगाला समांतर आणला, की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

‘ब्रिज तरंगताच हवा’ हाही असाच एक समज. एडी व्हॅन हेलन यांनी या ब्रिजला जगभर नाव मिळवून दिलं, आणि त्यांचा ब्रिज गिटारच्या अंगाला टेकलेला असे: फक्त खाली दाबायचा, वर ओढायचा नाही. मागच्या पोकळीत ब्लॉकला टेकणारा लाकडाचा तुकडा बसवला, की हे कोणत्याही गिटारवर जमतं. मग एक तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. शिकणाऱ्याने आधी हेच करून पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

पितळी ब्लॉकबद्दल फार बोललं जातं. जस्ताच्या मिश्रधातूची घनता सुमारे ६.६, पितळेची सुमारे ८.५, म्हणजे त्याच मापाचा पितळी ब्लॉक पावपटीहून अधिक जड. आवाजात थोडा भरीवपणा येऊ शकतो, सूर टिकण्याशी मात्र त्याचा काही संबंध नाही. हौस असेल तर शिवाजी उद्यमनगरात चांगला टर्नर पितळेच्या चौकोनी बारमधून असा ब्लॉक करून देऊ शकेल. नमुन्याला जुना ब्लॉक न्या. पण नाईफ एजवर कानस मारून धार काढून घेऊ नका. पोलादाचा वरचा थरच कडक केलेला असेल, तर कानशीने आधी तोच जातो आणि नवी धार पहिलीपेक्षा लवकर बसते.

पावसाळ्याचंही सांगायला हवं. दोन्हीकडे लॉक आहे म्हणून सूर हलणारच नाही, असं नसतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं, मान वाकते, तारांचा ताण बदलतो. तो फरक ब्रिजवरच्या फाइन ट्यूनरच्या आवाक्याबाहेर गेला, की नट सैल करून मुळातून सूर लावावाच लागतो.

एवढं करूनही ब्रिज बदलायचाच असेल, तर व्हर्निअर घेऊन बसा. कोणताही ब्रिज कोणत्याही गिटारला बसत नाही. ओरिजिनल फ्लॉइड रोझच्या दोन स्टडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ७४ मिलिमीटर असतं. तुमच्या गिटारचं तेवढंच आहे का ते पाहा. ब्लॉक ३२, ३७ आणि ४२ मिलिमीटर अशा लांब्यांत मिळतो. पातळ अंगाच्या गिटारला लांब ब्लॉक घेतला, तर तो मागून बाहेर येईल. उंची बदलताना आधी तारा सैल करा. पूर्ण ताणात स्टड फिरवला तर नवी कडसुद्धा तासली जाते. आणि ब्रिजबरोबर स्टडही नवेच घ्या. जुन्या स्टडवर जुन्या कडेच्या खाचा पडलेल्या असतात, आणि नवी धार त्याच खाचांत अडकते.