प्रश्नाला धनी हवा

3 मे 1923 रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सभापती जॉन व्हिटली यांनी एक निर्णय दिला. जे विषय उत्तर आयर्लंडच्या सरकारकडे सोपवले आहेत, त्यांवरचे प्रश्न त्या सरकारच्या मंत्र्यांनाच विचारावेत. ते इथे घेतले जाणार नाहीत. (हेच व्हिटली पुढे हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष झाले, आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते.) निर्णय तर्काला धरून होता. कारभार बेलफास्टला दिला, तर जाब लंडनच्या मंत्र्याला कसा विचारणार? पण बेलफास्टच्या मंत्र्याला सभागृहातल्या प्रश्नाचा धाक वाटेल, हे त्यात गृहीत धरलं होतं. तो धाक तिथे पन्नास वर्षांत कधी निर्माणच झाला नाही. सोपवलेल्या सत्तेच्या शंभर वर्षांचा मागोवा घेताना मला या निर्णयापाशी पुनःपुन्हा यावंसं वाटतं, कारण पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या एका फटीतून आत आलं.

1920च्या कायद्यानं आयर्लंडचे दोन भाग केले आणि उत्तरेकडच्या सहा परगण्यांना स्वतःची संसद दिली. राजे पाचवे जॉर्ज यांनी 22 जून 1921 रोजी बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये तिचं उद्घाटन केलं. कनिष्ठ सभागृहात 52 सदस्य. शिक्षण, आरोग्य, घरबांधणी, पोलीस असे रोजच्या जगण्याचे विषय तिच्याकडे होते. 1932मध्ये शहराबाहेर स्टॉरमॉंटच्या टेकडीवर पांढरी भव्य वास्तू उभी राहिली आणि संसदेला तेच नाव पडलं. प्रश्नांची प्रथा वेस्टमिन्स्टरची, नियम वेस्टमिन्स्टरचे, पोशाखसुद्धा तसाच. सरकार मात्र 1921पासून 1972पर्यंत एकाच, ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या युनियनिस्ट पक्षाचं राहिलं.

मंत्र्याला घाम फुटतो तो प्रश्नाच्या शब्दांनी नाही. पुढच्या निवडणुकीत हे उत्तर आपल्या अंगाशी येईल, ही जाणीव त्याला घाम फोडते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत स्थानिक निवडणुकांमधून 1922मध्ये आणि संसदेच्या निवडणुकीतून 1929मध्ये काढून टाकल्यावर ती जाणीवही संपली. कॅथलिकांच्या बाजूच्या आयरिश राष्ट्रवादी सदस्यांनी सुरुवातीला सभागृहावर बहिष्कार घातला होता. त्यांचे नेते जो डेव्हलिन 1925मध्ये आत आले, पण अधिकृत विरोधी पक्ष ही भूमिका त्या पक्षानं स्वीकारली ती थेट 1965मध्ये. त्यांच्या या दूर राहण्यानंही नुकसान झालं, हे मान्य करायला हवं. मात्र आत येऊन तरी काय हाती लागलं? साऱ्या कारकिर्दीत त्यांचं एकच विधेयक कायदा झालं, 1931चं, रानपक्ष्यांच्या संरक्षणाचं. माणसांच्या घरांबद्दल, नोकऱ्यांबद्दल, मताधिकाराबद्दल त्यांनी जे जे विचारलं ते इतिवृत्तात नोंदलं गेलं आणि तिथेच राहिलं.

नेमक्या याच काळात मुंबई इलाख्यातही सोपवलेल्या सत्तेचा प्रयोग सुरू होता. 1919च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आली, आणि पूरक प्रश्न विचारायचा हक्क मूळ प्रश्नकर्त्यापुरता न राहता कुठल्याही सदस्याला मिळाला. व्हिटलींचा निर्णय मे 1923चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर करून घेतला. ठराव कागदावर राहिला, आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या मागून माणसं चवदार तळ्यावर गेली. सभागृहात उत्तर मिळालं नाही की माणूस प्रत्यक्ष जागेवर जातो, हे आपल्याला महाडनं दाखवलं. उत्तर आयर्लंडमध्ये ते घडायला आणखी चार दशकं जावी लागली.

तिथे पाण्याच्या जागी घर होतं. स्थानिक निवडणुकीत मत फक्त करदात्या घरमालकाला किंवा भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांच्या घरात राहणाऱ्या कर्त्या मुलाला मत नाही. उलट कंपन्यांच्या मालमत्तेमागे जादा मतं. म्हणजे स्थानिक परिषदेनं बांधलेलं घर कुणाला मिळतं यावर त्या प्रभागात मतं कुणाची वाढणार हे ठरायचं. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही नगरपालिका युनियनिस्टांकडे राहिली, ती प्रभागांच्या आखणीमुळे आणि घरवाटपामुळे. जून 1968मध्ये टायरोन परगण्यातल्या कॅलेडन या गावात लहान मुलं असलेल्या एका कॅथलिक कुटुंबाला परिषदेच्या घरातून बाहेर काढलं. शेजारचं घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलं गेलं होतं. ती एका युनियनिस्ट राजकारण्याच्या वकिलाकडे नोकरीला होती. पूर्व टायरोनचे आमदार ऑस्टिन करी यांनी परिषदेकडे दाद मागितली, स्टॉरमॉंटमध्ये विषय काढला. हाती काहीच आलं नाही. मग 20 जूनला ते दोन साथीदारांना घेऊन त्या घरात शिरले आणि दार आतून बंद करून बसले. काही तासांत पोलिसांनी त्यांना बाहेर ओढून काढलं.

करी तेव्हा तिशीच्याही आतले, निवडून आलेले आमदार. आमदारानं घराचा ताबा घ्यावा हे कायद्याच्या चौकटीत बसत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण प्रश्न विचारायची जागा त्यांच्याकडे होती आणि उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन असा पहिला नागरी हक्क मोर्चा निघाला, तो याच घटनेच्या धगीतून.

वेस्टमिन्स्टरमध्ये या साऱ्याचा पत्ता नव्हता असंही म्हणता येत नाही. 1966मध्ये पश्चिम बेलफास्टमधून जेरी फिट खासदार झाले. घरवाटपावर किंवा मताधिकारावर ते बोलायला उठले की 1923चा पायंडा आडवा यायचा. मजूर पक्षाच्या काही खासदारांनी उल्स्टरमधल्या लोकशाहीसाठी मोहीम काढली होती, तीही याच भिंतीवर आदळत राहिली. 5 ऑक्टोबर 1968 रोजी डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर बंदी घातलेला मोर्चा निघाला. मोर्चात फिट होते, ब्रिटनहून आलेले तीन खासदार होते आणि आयरिश दूरचित्रवाणीचा कॅमेरा होता. पोलिसांच्या दंडुक्यानं फिट यांचं डोकं फुटलं. ती दृश्यं घरोघर पोचली, आणि पंचेचाळीस वर्षं नियमानं बाहेर ठेवलेला विषय ब्रिटिश सरकारला टाळता येईना. नोव्हेंबरमध्येच उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान टेरेन्स ओ'नील यांना सुधारणा जाहीर कराव्या लागल्या: घरवाटपासाठी गुणपद्धत, तक्रारींसाठी लोकायुक्तासारखा अधिकारी. 1971मध्ये घरांचं काम परिषदांकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे गेलं. हे आधी झालं असतं तर पुढच्या तीस वर्षांची हिंसा टळली असती असा दावा कुणीच करू नये. तरी सभागृहातच मिळू शकलं असतं अशा उत्तरासाठी रस्त्यावर किती रक्त सांडलं, हे विसरता येत नाही.

मार्च 1972मध्ये स्टॉरमॉंट स्थगित झालं आणि लंडनची थेट राजवट आली. ती थोडीफार आपल्याकडच्या राष्ट्रपती राजवटीसारखी, पण दीर्घ. प्रश्न पुन्हा वेस्टमिन्स्टरमध्ये विचारता येऊ लागले, कायदे मात्र दुरुस्ती न करता येणाऱ्या आदेशांनी व्हायचे.

10 एप्रिल 1998च्या गुड फ्रायडे करारातून जन्मलेली विधानसभा मुद्दाम वेगळी घडवली गेली. दोन्ही समाजांचे मोठे पक्ष एकत्र सरकारात. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर हे समान अधिकारांचं एकच जोडपद, एक गेला की दुसराही जातो. हिंसा थांबवण्यासाठी हे आवश्यक होतं, आणि त्याचं मोल कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण सगळेच सरकारात बसले तर विचारणार कोण? अधिकृत विरोधी पक्षाची सोय करणारा कायदा व्हायला 2016 उजाडलं. प्रश्नांची यंत्रणा तोवर आपल्या गतीनं चालत होती. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी दोनला प्रश्नोत्तरांचा तास, तोंडी प्रश्नांची निवड सोडतीनं. प्रत्येक लेखी प्रश्नाला एक क्रमांक आणि तिरक्या रेषेपुढे विधानसभेच्या मुदतीची वर्षं. आपल्या विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची यादी ज्यांनी चाळली आहे त्यांना हे सारं ओळखीचं वाटेल.

लेखी उत्तर येतं ते फायलीतून. फायलीतच काही नसेल तर काय होतं, ते शेगड्यांच्या अनुदान योजनेनं दाखवलं. नोव्हेंबर 2012मध्ये व्यवसायांसाठी ही योजना सुरू झाली: तेल, गॅस सोडा, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी बसवा, सरकार उष्णतेच्या दर युनिटमागे पैसे देईल. ब्रिटनमधल्या अशाच योजनेत ठरावीक वापरानंतर दर उतरत असे. उत्तर आयर्लंडनं ती उतरंड वगळली, आणि अनुदान इंधनाच्या खर्चाहून जास्त झालं. जेवढं जाळाल तेवढं कमवाल. ऊर्जाबचतीची उपकरणं विकणाऱ्या एका छोट्या उद्योजिकेच्या हे लक्षात आलं, कारण गिऱ्हाइकांना बचत नकोच होती. ते खिडक्या उघड्या ठेवून वर्षभर शेगडी चालवत होते. 2013मध्ये तिनं मंत्री आर्लीन फॉस्टर यांना कळवलं, खात्यातल्या अधिकाऱ्यांची भेट घेतली. तिचं म्हणणं कुणी खरं मानलं नाही. पुढे रिकाम्या शेड तापवल्याच्या तक्रारीही आल्या. योजना बंद झाली फेब्रुवारी 2016मध्ये, तीही दर बदलणार म्हटल्यावर अर्जांचा पूर येऊन गेल्यानंतर. वीस वर्षांतला जादा भार 49 कोटी पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

महालेखापरीक्षकांचा अहवाल, लोकलेखा समितीच्या बैठका, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम या वाटेनं प्रकरण डिसेंबर 2016मध्ये सभागृहात पोचलं. 19 डिसेंबरला खास बोलावलेल्या बैठकीत फॉस्टर, तेव्हा फर्स्ट मिनिस्टर, निवेदनाला उभ्या राहिल्या. निवेदनाला डेप्युटी फर्स्ट मिनिस्टरची संमती नव्हती, म्हणून इतर पक्षांचे सदस्य उठून बाहेर गेले आणि त्या फक्त आपल्या पक्षाच्या बाकांसमोर वाचत राहिल्या. त्यांना काही काळ पदावरून दूर ठेवण्याचा ठराव 39 विरुद्ध 36 मतांनी पुढे होता, तरी फेटाळला गेला. त्याला दोन्ही समाजांची मान्यता लागत होती. 9 जानेवारी 2017 रोजी डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि जोडपद कोसळलं.

चौकशी झाली. न्यायमूर्ती पॅट्रिक कॉघलिन यांच्या अहवालात 319 निष्कर्ष होते. भ्रष्टाचार आढळला नाही; अज्ञान, दुर्लक्ष आणि बेफिकिरी पानोपानी आढळली. मला त्या चौकशीतली एक साक्ष सर्वांत जिव्हारी लागते. नागरी सेवेचे प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांनी सांगितलं की मंत्र्यांसोबतच्या बैठकांची टिपणं ठेवायची सवय सुटत गेली होती, आणि त्यामागे माहिती अधिकारात ती बाहेर येतील ही धास्तीही होती. आमदारानं विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याची गरजच उरू नये, यासाठी नोंदच करायची नाही. सरकारच्या बाजूनं प्रश्नाचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

मग तीन वर्षं मंत्रीच नव्हते. संस्थांमध्ये बालपणी छळ सोसलेल्यांसाठी न्यायमूर्ती हार्ट यांनी नुकसानभरपाईची शिफारस केली, तो अहवाल जानेवारी 2017मध्ये, सरकार पडल्यावर काही दिवसांतच आला. तो स्वीकारायला कुणी नव्हतं. वृद्ध झालेली ती माणसं वाट पाहत राहिली, काही वाट पाहतच गेली; कायदा झाला तो वेस्टमिन्स्टरमध्ये, नोव्हेंबर 2019ला. कचरा जाळण्याच्या एका प्रकल्पाला खात्याच्या सचिवानं परवानगी दिली, तेव्हा 2018मध्ये न्यायालयानं सांगितलं की मंत्र्याच्या गैरहजेरीत असा निर्णय घ्यायचा अधिकार सचिवाला नाही. गर्भपात आणि समलिंगी विवाह या सोपवलेल्या विषयांवर 2019मध्ये लंडनच्या खासदारांनी दुरुस्त्या आणून कायदा बदलला. त्या बदलांचं मी स्वागतच करते. पण व्हिटलींच्या वेळी जिथे प्रश्नसुद्धा विचारता येत नव्हता, तिथे आता परस्पर कायदे होत होते, आणि बेलफास्टचे आमदार पगार कापून घेऊन नुसते पत्रव्यवहार करत होते.

तीन वर्षांनी सरकार परतलं, पण फेब्रुवारी 2022मध्ये ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारी व्यवस्थेवरून फॉस्टर यांच्या डीयूपी या युनियनिस्ट पक्षानं जोडपदाचा राजीनामा देऊन ते पुन्हा पाडलं. मेमध्ये निवडणूक झाली, पण सभापतीच निवडू दिला नाही. ऑक्टोबरपर्यंत मंत्री खुर्चीवर होते आणि त्यांच्यासमोर सभागृह भरत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात लॉक ने या विशाल सरोवरावर विषारी हिरवं शेवाळ पसरलं. उत्तर आयर्लंडचं सुमारे 40 टक्के पिण्याचं पाणी तिथून येतं. मच्छीमार, शेतकरी, काठावरची गावं विचारत होती की खतांचं आणि सांडपाण्याचं काय करणार. पर्यावरण मंत्रीच अस्तित्वात नव्हता.

3 फेब्रुवारी 2024 रोजी विधानसभा पुन्हा भरली. आयरिश राष्ट्रवादी शिन फेन पक्षाच्या मिशेल ओ'नील फर्स्ट मिनिस्टर, डीयूपीच्या एमा लिटल-पेंगली त्यांच्या जोडीला, आणि दुसऱ्या राष्ट्रवादी पक्षाचे, एसडीएलपीचे मॅथ्यू ओ'टूल अधिकृत विरोधी पक्षनेते. लॉक नेबद्दलचे प्रश्न आता मंत्री अँड्र्यू म्युअर यांच्या नावानं जातात आणि त्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. मात्र त्या जोडपदातल्या एकानं राजीनामा दिला की सरकार जातं, हे कलम जिथल्या तिथे आहे, आणि ते बदलण्याची मागणी अजून मान्य झालेली नाही.